पदार्पणाचे मिथक : जिमी स्मिथच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेच्या निमित्ताने

१

कलावंताच्या पहिल्या कृतीविषयी बोलू लागताच समीक्षेची भाषा एकाएकी बदलते. एरवी संहिता, संकेतव्यूह, आकृतिबंध, परंपरा अशा परिभाषेत सावधपणे वावरणारी समीक्षा 'पहिला' हा शब्द समोर येताच जन्मकुंडली मांडू लागते. उदय, उगम, उद्रेक, बीज, चाहूल हे तिचे त्या प्रसंगीचे ठेवणीतले शब्द. हे सारे शब्द निसर्गातले आहेत. सूर्य उगवतो, नदी उगम पावते, ज्वालामुखी फुटतो, बी रुजते. या क्रियांना श्रम करणारा कर्ता नसतो, त्यांबद्दल कोणी कोणाला वेतन देत नाही, त्यांच्यामागे गुरू, स्पर्धक, सावकार किंवा प्रकाशक उभा नसतो. ज्या घटनेमागे हे सगळे असते तिच्यासाठी अशी रूपके योजणे हा निरुपद्रवी अलंकार मानता येत नाही. कृती कशी घडली हा प्रश्न विचारण्याची गरजच ती रूपके नाहीशी करतात, आणि समीक्षेला स्वतःचे काम न करताच ते केल्याचे समाधान मिळते.

या सवयीची तपासणी साहित्याबाहेरच्या एका उदाहरणावर करणे सोयीचे ठरेल, कारण तेथे या मिथकाची घडण अधिक उघडी आहे. अमेरिकन ऑर्गनवादक जिमी स्मिथ (मृत्यू २००५) याची स्वतःच्या नावावरची पहिली दीर्घ ध्वनिमुद्रिका ब्लू नोट या कंपनीने १९५६ साली प्रकाशित केली. कंपनीच्या यादीत तिचा क्रमांक १५१२. तिचे शीर्षक 'अ न्यू साउंड, अ न्यू स्टार : जिमी स्मिथ अ‍ॅट दि ऑर्गन, व्हॉल्यूम वन' असे आहे. नवा ध्वनी, नवा तारा. तबकडीवर सुई टेकण्यापूर्वीच तिचे परीक्षण वेष्टनावर छापून तयार होते. याहून नवलाची गोष्ट अशी, की पुढे जॅझच्या इतिहासाची ओळख करून देणाऱ्या लेखनाने हेच शीर्षक थोड्याफार फरकाने निष्कर्ष म्हणून उतरवून घेतले. जॅझमध्ये ऑर्गनचे युग स्मिथपासून सुरू होते, हे वाक्य आता एखाद्या सिद्ध प्रमेयासारखे वापरले जाते. विक्रेत्याची आरोळी इतिहासकाराचे निरीक्षण कशी होते, याचा इतका स्वच्छ नमुना क्वचितच सापडेल.

हा सगळा खटाटोप परक्या संगीताचा आहे, मराठी समीक्षेला त्याचे काय, असा आक्षेप देशीपणाचा आग्रह धरणारे घेतील. त्याला उत्तर एवढेच, की येथे प्रश्न जॅझच्या आस्वादाचा नसून समीक्षेच्या तीन गृहीतांचा आहे. पहिले गृहीत असे, की नवता ही सामग्रीत असते. दुसरे, की उसनी संहिता वापरणाऱ्याची निर्मिती दुय्यम असते. तिसरे, की पहिली कृती ही पुढच्या कृतींचे बीज तरी असते किंवा पूर्वसूचना न देता झालेला स्फोट तरी. मराठीतील पहिले कवितासंग्रह, पहिल्या कादंबऱ्या आणि 'युगप्रवर्तक' हे बिरूद लावून अभ्यासक्रमात बसवलेले लेखक यांच्याविषयी जे लिहिले जाते, त्यातही हीच तीन गृहीते राबत असतात.

२

प्रथम 'नवा ध्वनी'. ऑर्गन हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या मनात संगीत नाटकाच्या रंगमंचापुढची पायपेटी उभी राहते. स्मिथचे वाद्य ते नव्हे. लॉरेन्स हॅमंड या अभियंत्याने तयार केलेले हे विद्युत्‌वाद्य १९३५ साली बाजारात आले. त्यात हवा आणि पोलादी जिभा नसतात. विद्युत्‌चुंबकांसमोर फिरणाऱ्या दातेरी चकत्यांतून स्वर निर्माण होतो. वाद्य खपवायचे होते ते प्रामुख्याने नळ्यांचा प्रचंड ऑर्गन न परवडणाऱ्या चर्चना. हे वाद्य 'खऱ्या' ऑर्गनची बरोबरी करते, या जाहिरातीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने आक्षेप घेतला. शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात दोन्ही वाद्ये श्रोत्यांच्या नजरेआड वाजवून ओळखण्याची परीक्षा झाली, आणि अखेर १९३८ साली कंपनीला आपले काही दावे मागे घेण्यास फर्मावण्यात आले. वाद्य 'खरे' की 'नकली' याचा निवाडा सरकारी आयोगाने करावा, यात मराठी वाचकाला अपरिचित असे काही वाटू नये. श्रुती आणि मींड यांना अपात्र म्हणून संवादिनीला १९४० साली ऑल इंडिया रेडिओने दार बंद केले आणि ते सुमारे तीन दशके बंदच राहिले. दोन्ही ठिकाणी विचारलेला प्रश्न एकच होता : या वाद्यात काय आहे? या वाद्याने कोणी काय केले, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी पटलावर आलाच नाही. सामग्रीत मूल्य शोधणारी दृष्टी बंदी घालते तेव्हा आणि आरती ओवाळते तेव्हा सारखीच आंधळी असते.

म्हणजे १९५६ साली हॅमंडचा ध्वनी वीस वर्षांचा जुना होता. ऑर्गनवर जॅझ वाजवणे त्याहून जुने होते. फॅट्स वॉलरने १९२६-२७ मध्ये न्यू जर्सीतील कॅम्डेन येथे, पूर्वी चर्च असलेल्या वास्तूतील ध्वनिमुद्रणगृहात, नळ्यांच्या ऑर्गनवर मुद्रणे केली होती. वाइल्ड बिल डेव्हिस, मिल्ट बकनर, बिल डॉगेट यांनी हॅमंडला नृत्यगृहात आणि मद्यालयात आणून सोडले होते. ऑर्गन, गिटार आणि ड्रम्स असे त्रिकूटही स्मिथने शोधलेले नाही. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी डेव्हिस तेच घेऊन हिंडत होता आणि त्याला ऐकूनच स्मिथ पियानोकडून ऑर्गनकडे वळला. शीर्षकातील 'नवा' हे विशेषण 'ध्वनी' या नामाला लावायचे असेल, तर ते सरळसरळ असत्य आहे.

मग त्या ध्वनिमुद्रिकेत नवे काहीच नाही काय? आहे, पण ते ध्वनीत नसून विन्यासात आहे. डेव्हिस दोन्ही हातांनी भरघोस स्वरसंघात हलवत असे. त्याच्या कानापुढे पितळी वाद्यांचा संपूर्ण ताफा होता. काउंट बेसीच्या वाद्यवृंदासाठी 'एप्रिल इन पॅरिस'ची गाजलेली रचना बांधणारा तो हाच डेव्हिस. स्मिथने उजव्या हाताला ताफ्याच्या जबाबदारीतून सोडवले आणि चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनची, बड पॉवेलच्या पियानोची एकपदरी, धावती, मध्येच श्वास घेणारी ओळ त्या हाताला दिली. डाव्या हाताकडे चालता खर्ज गेला. डाव्या पायाकडे त्या खर्जाला आघात देणारा ठोका गेला. तेथे स्वरापेक्षा ठोसा महत्त्वाचा. उजव्या पायाकडे लहानमोठ्या आवाजाची पट्टी राहिली. हॅमंडवर बोट कितीही जोराने आदळले तरी स्वर मोठा होत नाही आणि पट्टी दाबून धरली असेतो तो विरतही नाही. म्हणून तेथे वाक्यरचना करायची ती स्वर केव्हा सोडायचा, या निर्णयातून. १९५० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या बी-३ या नमुन्यात स्वराच्या प्रारंभी क्षणभर चमकून जाणारा एक आघाती उपस्वर मिळू लागला. पण आधीच्या सगळ्या पट्ट्या सोडल्याशिवाय तो पुन्हा उमटत नाही. बोटे चिकटवून वाजवले तर वाक्य सपाट होते, सुटी ठेवली तर शब्द सुटे ऐकू येतात. पट्टी दाबताना होणारी विजेची बारीक टिचकी निर्मात्यांना दोष वाटत होती. जॅझवादकांनी तिला व्यंजनाचे काम दिले. स्वरांच्या अखंड प्रवाहात व्यंजने आणणे ही खरी घटना आहे. तिला 'नवा ध्वनी' म्हणणे म्हणजे नव्या वाक्यविन्यासाला नवी लिपी म्हणण्यासारखे आहे.

३

दुसरे गृहीत उसन्या संहितेचे. या ध्वनिमुद्रिकेत नऊ रचना आहेत आणि त्यांपैकी बहुतेक इतरांच्या आहेत. 'लेडी बी गुड' आणि 'बट नॉट फॉर मी' या जॉर्ज गर्श्विनच्या, अनुक्रमे १९२४ आणि १९३० सालच्या. 'द वे यू लुक टुनाइट' जेरोम कर्नची, १९३६ च्या चित्रपटातली. 'मिडनाइट सन' ही लायनेल हॅम्प्टन आणि सॉनी बर्क यांची. 'द हाय अँड द मायटी' दिमित्री टिओमकिनची, १९५४ च्या चित्रपटातली. 'द प्रीचर' होरेस सिल्व्हरची. 'टेंडर्ली'सुद्धा परकीच. स्मिथची स्वतःची म्हणून निश्चित ओळखता यावी अशी 'यू गेट चा'. आपल्या पहिल्याच ध्वनिमुद्रिकेत नऊपैकी बहुतांश जागा दुसऱ्यांना देणारा हा कलावंत 'स्वतंत्र प्रतिभेचा' कसा, असा प्रश्न संहितानिष्ठ समीक्षेला पडतो. आणि मग 'पहिल्या प्रयत्नातील परावलंबित्व' असा शेरा मारून ती पुढे सरकते.

हा शेरा मारणाऱ्याने कीर्तन ऐकलेले नसावे. कीर्तनकाराचा मूळ अभंग त्याचा स्वतःचा नसतो, आणि तसा तो नाही म्हणून कोणी त्याला दुय्यम ठरवत नाही. त्याची कसोटी निरूपणात लागते. ख्याल गाणाऱ्याने दीडशे वर्षांची बंदिश घेतली म्हणून त्याच्या मौलिकतेवर कोणी शंका घेत नाही. मराठी समीक्षकाचा कान या परंपरांत तयार झालेला असूनही त्याची लेखणी मात्र छापील पानाच्या नियमाने चालते, ही विसंगती कधीतरी हिशेबात घ्यावी लागेल. लेखन आणि प्रयोग यांच्या संबंधाविषयी पाश्चात्त्य सिद्धान्तांतून आयात केलेली परिभाषा वापरताना घरच्या अनुभवाला इतके विसरून कसे चालेल?

स्मिथच्या निवडीकडे निरूपण म्हणून पाहिले की तिचा अर्थ पालटतो. एका बाजूस न्यूयॉर्कच्या रंगभूमीची आणि पडद्यावरची गोरी, गुळगुळीत गाणी. दुसऱ्या बाजूस 'द प्रीचर'. या रचनेचा इतिहास ध्यानात घेण्याजोगा आहे. १९५५ साली सिल्व्हर ती ब्लू नोटसाठी मुद्रित करत असता कंपनीचा प्रमुख अ‍ॅल्फ्रेड लायन तिच्यावर नाखूश होता. ती त्याला जुनाट वळणाची वाटत होती. सिल्व्हर अडून बसला, रचना मुद्रित झाली आणि खपली. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने 'नवा ध्वनी' म्हणून जी ध्वनिमुद्रिका काढली, तिच्यात ती 'जुनाट' रचना समाविष्ट आहे. चर्चला स्वस्त पर्याय म्हणून विकले गेलेले वाद्य मद्यालयात पोहोचले, आणि तेथे त्याच्यावर धर्मोपदेशकाच्या नावाची, प्रार्थनासभेच्या डोलाची धून वाजू लागली. या येरझारेत कृष्णवर्णीय अमेरिकेच्या सामाजिक जीवनाचा एक अख्खा भूगोल दडला आहे. स्मिथने आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेत स्वतःचे वंशवृक्ष मांडले, आणि ते मांडताना रंगभूमी, चित्रपट, चर्च आणि बीबॉप यांना एका रांगेत बसवले. पहिली कृती पुष्कळदा हेच करते. आपण कोणापासून आलो हे ती जाहीर करते. आणि समीक्षा नेमका तोच भाग 'प्रभाव' या सदरात टाकून वजा करते.

४

तिसऱ्या गृहीताची दोन तोंडे आहेत. त्यांतले पहिले स्फोटाचे. स्मिथ नौदलातील सेवेनंतर फिलाडेल्फियात संगीतशाळांतून शिकला, डॉन गार्डनरच्या सोनोटोन्स या ताफ्यात वाजवू लागला, मग ऑर्गन घेऊन तो एका गुदामात ठेवला आणि सुमारे वर्षभर तेथे एकट्याने सराव केला. पायाखालच्या पंचवीस पट्ट्यांचा आराखडा काढून तो समोर लावला, जेणेकरून खाली न पाहता पाय पडावेत. हा वृत्तान्त स्वतः त्यानेच नंतर सांगितला आणि त्याच्याविषयीच्या प्रत्येक लेखनात तो येतो. परंतु त्याचा उपयोग कसा होतो ते पाहावे. गुदामाची गुहा होते, सरावाची तपश्चर्या होते, आणि वर्षअखेरीस तपस्वी सिद्धी घेऊन बाहेर येतो. आराखडा मात्र कोणी वाचत नाही. तो आराखडा हे अभ्यासाचे, पद्धतीचे, स्वतःच्या शरीराला नवे व्याकरण शिकवण्याचे कागदोपत्री साधन होते. ज्या एका तपशिलाने स्फोटाचे रूपक कोसळावे, तोच तपशील मिथकाने अलौकिकतेचा पुरावा म्हणून गिळंकृत केला आहे.

या ठिकाणी मराठी समीक्षेने स्वतःकडे पाहावे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. त्याच वर्षी मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून घेतले होते. तेव्हा या दोन प्रदेशांची आठवण शेजारी शेजारी ठेवण्याला आधार खुद्द इतिहासाचाच आहे. जात आणि वंश एक नव्हेत, हे सांगण्याची गरज नाही. पण त्यांच्याकडे पाहणाऱ्या प्रस्थापित समीक्षेची रूपके थक्क करण्याइतकी सारखी आहेत. 'गोलपिठा'विषयी स्फोट, उद्रेक, लाव्हा, विद्रोहाचा वणवा हे शब्द किती वेळा वापरले गेले, आणि त्या कवितेतील ओळ कोठे तुटते, बोलीतला शब्द संस्कृतप्रचुर शब्दाच्या अंगाला अंग लावून कसा उभा राहतो, मुंबईच्या बकाल वस्तीतला शब्दकोश वाक्याच्या कोणत्या जागी येतो, याविषयी त्या मानाने किती थोडे लिहिले गेले, हे कोणाही अभ्यासकाने आपल्या संदर्भसाहित्यावर नजर टाकून पडताळावे. त्या संग्रहाला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ती सद्भावनेने लिहिलेली आहे यात शंका नाही; तरीही अनोळखी मुलुखात शिरू पाहणाऱ्या वाचकाला ती वाटाड्या पुरवते, आणि पुढची समीक्षा दीर्घकाळ त्या वाटाड्याच्या मागूनच चालत राहिली. वस्तीचे दर्शन झाले की कवितेचे वाचन झाले, अशी समजूत तिने करून घेतली. ज्वालामुखीला शिल्प नसते. दलित कवीला किंवा कृष्णवर्णीय वादकाला ज्वालामुखी म्हणणारा समीक्षक त्याचा गौरव करताना त्याचे शिल्पच काढून घेतो, आणि घेतल्याचा बोभाटाही होत नाही. कारण देणगी आणि लूट यांची पावती येथे एकच असते.

अभ्यास, शिष्यत्व, व्युत्पत्ती हे शब्द कोणासाठी राखून ठेवले जातात आणि प्रक्षोभ, ऊर्जा, अस्सलपणा हे शब्द कोणाच्या वाट्याला येतात, याची साधी यादी केली तरी समीक्षेच्या परिभाषेतील जातिव्यवस्था उघडी पडेल.

५

दुसरे तोंड बीजाचे. स्मिथच्या नंतरच्या ध्वनिमुद्रिका, विशेषतः १९५९ साली प्रकाशित झालेली 'द सर्मन' आणि १९६३ साली प्रकाशित झालेली 'बॅक अ‍ॅट द चिकन शॅक', अधिक प्रसिद्ध आहेत. त्यांच्यावरून मागे येत पहिलीला 'यात पुढच्याची बीजे आहेत' असे म्हणण्याची पद्धत आहे. असे वाचन कधीही चुकत नाही, म्हणूनच ते निरर्थक आहे. पुढे जे घडले ते माहीत असल्यावर मागे त्याची बीजे सापडणारच. जे पुढे रुजले नाही, पण पहिल्या कृतीत होते, ते या वाचनात दिसतच नाही.

मराठीत याचे सर्वांत बोलके उदाहरण मर्ढेकरांचे. 'शिशिरागम' १९३९ सालचा. 'काही कविता' १९४७ सालचा. कालक्रमाने पहिला संग्रह 'शिशिरागम' असला तरी समीक्षेच्या लेखी मर्ढेकरांचे पदार्पण 'काही कविता'त होते. आधीचा संग्रह रविकिरण मंडळाच्या छायेतला म्हणून प्रास्ताविकात उरकला जातो. म्हणजे 'पहिला' हा शब्द काळाचा दर्शक नसून समीक्षेने मागाहून केलेली नेमणूक आहे. कवीने छापलेले पहिले पुस्तक नको असेल तर समीक्षा त्याला पहिलेपणातून काढून टाकते आणि सोयीच्या पुस्तकाला ती जागा देते. स्मिथच्या बाबतीत ही अडचण आली नाही, कारण त्याचा 'शिशिरागम' बहुतांशी ताफ्यांत, गुदामात आणि फिलाडेल्फियाच्या मद्यालयांत खर्च झाला. त्यावर त्याच्या नावाची मोहोर नव्हती. ध्वनिमुद्रण कंपनीच्या दप्तरात ज्याची नोंद नाही ते घडलेच नाही, असे धरून चालले तरच १९५६ हा आरंभ ठरतो.

आणि ते दप्तरही आरंभाची कथा सांगत नाही. शीर्षकाच्या शेवटी 'व्हॉल्यूम वन' असे शब्द आहेत. पहिल्या खंडाचे मुद्रण फेब्रुवारी १९५६ मध्ये झाले; दुसऱ्या खंडाचे मार्चमध्ये; तिसऱ्याचे जूनमध्ये. पाच महिन्यांच्या आत तीन ध्वनिमुद्रिका. पदार्पण म्हणून ज्याची पूजा बांधली जाते तो वास्तविक उत्पादनाच्या एका मालिकेतील पहिला हप्ता आहे. न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे, दिवसा नेत्रचिकित्सेचा व्यवसाय करणाऱ्या रूडी व्हॅन गेल्डरच्या आईवडिलांच्या घरातील दिवाणखान्यात या मालिकेचे ध्वनिमुद्रण होत होते. छोटी कंपनी, घरगुती ध्वनिमुद्रणगृह, भराभर भरून काढायची यादी : नवा तारा या पंचांगानुसार उगवला.

६

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. प्रत्येक गोष्टीला पूर्वज दाखवता येतात, तर मग नवता ही संकल्पनाच बाद होईल. डेव्हिस आणि स्मिथ यांत फरक उरणार नाही. हा आक्षेप रूपवादी भूमिकेवरून येतो आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे कलाकृतीच्या अंतर्गत रचनेचा विचार केला. ते तत्त्व येथे लावले तर हाती पुष्कळ लागते. डाव्या हाताचा चालता खर्ज आणि उजव्या हाताची धावती ओळ यांतला विरोध, गिटारच्या तुटक स्वरसंघातांनी साधलेला समतोल, ऑर्गनचे न विरणारे स्वर आणि ड्रम्सचे क्षणात विरणारे आघात यांतला ताण : स्मिथचे वेगळेपण दाखवायला ही परिभाषा समर्थ आहे. नवता विन्यासात असते, हे वर म्हटलेले विधान तिच्या जोरावरच टिकते.

पण ती एका जागी अडते. या त्रिकुटात डबलबास वाजवणारा नाही. लयतत्त्वाच्या दृष्टीने ही रचनेतील एक सुटसुटीत काटकसर आहे. मद्यालयाच्या मालकाच्या दृष्टीने ते एक कमी वेतन आहे. ऑर्गनचे त्रिकूट लहान जागेत मोठ्या ताफ्याचा भरणा करू शकते, म्हणून ते कृष्णवर्णीय वस्त्यांतील मद्यालयांना परवडले आणि म्हणून ते रुजले, ही बाब जॅझच्या सामाजिक इतिहासात सर्वमान्य आहे. तेव्हा स्मिथचा डावा हात ऐकताना एकाच वेळी दोन गोष्टी ऐकाव्या लागतात : खर्जाची नवी चाल, आणि ज्याचे काम त्या चालीने घेतले त्या न आलेल्या वादकाची जागा. रूपवादी समीक्षा पहिली ऐकते आणि दुसरीला कलाबाह्य म्हणते. तिच्या विरोधात उभी राहिलेली सामाजिक समीक्षा दुसरी मोजते आणि पहिलीकडे तिचा कान नसतो. दोघींनीही एकच स्वर अर्धा ऐकलेला असतो. नवतेचे वर्णन या दोन्ही अर्धकांना एका वाक्यात आणू शकत नसेल, तर ते वर्णन अपुरे आहे. आणि ते अपुरे असल्यामुळेच रिकाम्या जागेत 'स्फोट' आणि 'बीज' शिरतात.

म्हणून पहिल्या कृतीची समीक्षा करणाऱ्याने काही प्रश्न टाळता कामा नयेत. या कृतीच्या आधी कलावंताने कोणत्या अनामिक जागी किती काळ काम केले? तिने कोणाची सामग्री घेतली आणि तिच्यात कोणता फेरविन्यास केला? त्या फेरविन्यासाने कोणाचे काम वाढले, कोणाचे गेले? आणि तिला 'पहिली' म्हणण्याचा निर्णय कोणी, केव्हा, कोणत्या सोयीसाठी घेतला? हे प्रश्न विचारल्याने प्रतिभेची प्रतिष्ठा कमी होते, अशी भीती काहींना वाटते. प्रत्यक्षात उलट घडते. वीस वर्षे सर्वांच्या हाताशी पडलेल्या वाद्यात व्यंजने आहेत हे एकाच्या कानाला कळावे, आणि ती उच्चारण्यासाठी त्याने आपले दोन हात आणि दोन पाय नव्याने शिकवावेत, ही गोष्ट कोणत्याही सूर्योदयापेक्षा दुर्मीळ आहे.

७

त्या ध्वनिमुद्रिकेवर गिटार थॉर्नेल श्वार्ट्‌झची आहे आणि ड्रम्स बे पेरीचे. दुसऱ्या खंडापासून ड्रम्सवर डोनाल्ड बेली येतो आणि पुढची अनेक वर्षे स्मिथच्या संगीताचा तोल तो सांभाळतो. त्यामुळे इतिहासात बेलीला थोडी जागा मिळाली. बे पेरीला ती मिळालेली नाही. 'नव्या ताऱ्या'च्या पहिल्या पाऊलखुणेत ज्याचे ठोके मिसळलेले आहेत, त्याच्याविषयी संदर्भग्रंथ नावापलीकडे सहसा जात नाहीत. तबकडी मात्र त्याला वगळू शकत नाही. 'द प्रीचर' ऐकताना ऑर्गनच्या प्रत्येक वाक्याखाली तो वाजतच असतो.

मराठी विद्यापीठांत पदव्युत्तर वर्गांपुढे आणि संशोधनप्रबंधांत 'पहिला', 'आद्य', 'प्रवर्तक' ही विशेषणे आजही शीर्षकांत बसवली जातात आणि चारशे पानांनंतर तीच निष्कर्ष म्हणून बाहेर पडतात. ब्लू नोटच्या वेष्टनकाराला निदान तबकडी विकायची होती. मराठी संशोधकाला काय विकायचे आहे, हे त्याने एकदा सांगून टाकावे; किंवा वेष्टन बाजूला ठेवून तबकडी ऐकावी, आणि ऐकताना पेरीचे ठोके मोजावेत.